चेन दुरुस्ती

सीताबर्डीत, मोदी नंबर तीनच्या तोंडाशी
माझं दुकान म्हणजे एक फळकूट, एक मशीन
आणि वर ताणलेली हिरवी नेट.
बॅगची चेन, चाक, हँडल. अर्जंटचे वीस रुपये जास्त.

लोक बॅग देताना म्हणतात, रिकामी आहे.
रिकामी कधीच नसते.
आतला कप्पा उलटा केला की वाळू पडते,
देवळातली हळद, हॉटेलातला साबण,
एकदा भाताचा दाणा पडला, तांबडा, जाड,
माझ्या ओळखीचा नव्हता.
खोब्रागडे सरांच्या पिट्टूतून लेहचा खडा निघाला.
परत द्यायला गेलो तर म्हणाले,
ठेव रे पराते, माझ्याकडे अजून आहेत.

मी पाहिलेली गावं मोजायला एक हात पुरतो,
तेही रामटेक धरलं तर.
चंद्रपूर, साळ्याच्या लग्नात. बैतूल, कोर्टाच्या कामाने,
म्हणजे कोर्टच पाहिलं.
आणि नागद्वार.
मी नऊ वर्षांचा, पचमढीचे डोंगर,
पुढच्या माणसाची पाठ दिसेना इतकं धुकं.
बाबा मागावरचा माणूस,
पांचपावलीबाहेर त्याला रस्ता सापडत नसे,
तिथे मात्र एक वळण चुकला नाही.
चढावर माझ्या चपलेचा बंद तुटला.
त्याने धोतराच्या काठातून सूत ओढलं,
ओल्या बोटांनी पिळलं,
काट्याने भोक पाडून बंद शिवला.
मागे सगळी रांग थांबलेली, कोणी ओरडलं नाही.
त्या यात्रेतला देव आठवत नाही.
टाका आठवतो.

समुद्र पाहिला नाही.
झिरो माइलच्या दगडावर अंतरं कोरली आहेत,
कवठा, चांदा, शिवनी, छिंदवाडा, हैदराबाद.
समुद्राचं नाव नाही.
बेबीनंदा म्हणते, पुरीला जाऊ.
तिने पैसे ठेवलेत तांदळाच्या डब्यात, तळाशी.
दरवर्षी तांदळाआधी पैसेच संपतात.

मागच्या मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर,
धरमपेठेतली एक पोरगी निळी बॅग घेऊन आली,
हत्तीएवढी, एक चाक तुटलेलं,
हँडलला विमानाची चिठ्ठी चिकटलेली.
हे कुठलं गाव?
ट्रोम्सो. नॉर्वेत, खूप वर.
तिथे ना काका, हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवतच नाही.

माझ्या हातातला पेचकस इतका तापला होता की धरवेना.
दोन महिने?
हो.
मग दुकानं कधी उघडतात?
ती हसली. घड्याळ बघून, म्हणाली.

तेव्हापासून ते गाव डोक्यातून जात नाही,
घड्याळ बघून उघडणारं.
तिथेही चाकं तुटत असतील, बर्फात जास्तच.
तिथेही कोणी बसत असेल दिवा लावून,
आणि त्याने कप्पा उलटा केला तर
इथली धूळ पडत असेल, एखादी संत्र्याची बी.
ती तो बोटावर घेऊन
उजेडाकडे धरून बघत असेल.
खरं नसेल हे. मे महिन्यात चालतं.

बेबीनंदाला सांगितलं. म्हणाली,
अंधारच पाहायचा तर लाइट गेल्यावर घरीच पाहू,
तिकिटाले पैसे कायले?
मग बऱ्याच वेळाने, कूलरमध्ये पाणी ओतता ओतता,
थंडी किती असते म्हणे तिथं?

चाक बसवलं की चालवून बघावं लागतं.
रिकामी बॅग ओढत मी व्हेरायटी चौकापर्यंत जातो,
गर्दीतून, ऑटोवाल्यांना नाही नाही म्हणत,
आणि परत येतो.
रसवंतीवाला निमजे दरवेळी विचारतो,
कुठं चालले भाऊ?
काहीबाही सांगत आलो. काशी. दिल्ली.
पुरी, एकदा, जरा हळूच.
त्या दिवशी निळी बॅग होती.
म्हटलं, ट्रोम्सो.

हाव का, निमजे म्हणाला,
आणि गिलास धुवायला घेतला.
बिनबर्फाचा देऊ मंग?
बर्फ तिकडं भेटंनच.