अर्धं सूत

हेमलता नेहेते फैजपूरहून आली
जुन्या ओढणीत फ्रेम गुंडाळून,
ताप आलेलं पोर धरतात तशी दोन्ही हातांत धरून.
मे महिना. भुसावळात डांबर चपलेला चिकटत होतं.
"काच काढून बघा," म्हणाली,
"बाबांचं चित्र आतून करपतंय."

तापीच्या वाळूतल्या टरबुजांच्या वाड्या.
ड्रॉइंग मास्तरांनी पहाटे जाऊन रंगवलेल्या,
नदीचंच पाणी वाटीत घेऊन.
आता आभाळ चहाचं.
माऊंटच्या कापलेल्या कडेने तपकिरी रेघ:
स्वस्तातला पुठ्ठा असाच पाझरतो,
वर्षानुवर्षं, कुणाला न सांगता.
मधोमध तीन फुगे. कोपऱ्यांत सेलोटेप, काकवीसारखी.
कसरीने एक झोपडी खाल्लेली.
आणि जिथे काच कागदाला टेकली होती
तिथून एक टरबूज
काचेबरोबर निघून आलं.

फ्रेम पालथी केली.
मागे निळ्या शाईत:
सतरा अकरा अठ्ठ्याऐंशी. रुपये चाळीस. पोच.
'च'ची शेपूट
मी अजून तशीच ओढतो.

कमरूचाचांच्या दुकानात तेव्हा मी नवा.
चाचा म्हणायचे, चिकटवायचं तर पुरतं चिकटव,
सुरकुती राहिली तर गिऱ्हाईक परत येतं.
मी फेव्हिकॉल थापून हार्डबोर्डवर कागद असा दाबायचो
जसा काही तो पळून जाणार होता.
तयार फ्रेम बारा बाय सोळाची, चित्र बोटभर मोठं,
तर खालचं बोटभर मीच कापलं.
सही तिथेच असणार.
मास्तरांनी पाहिलं, काही बोलले नाहीत,
सुटे चाळीस मोजून दिले.

एकही सुरकुती राहिली नव्हती.
गिऱ्हाईक परत आलं.

माझा बाप दारं करायचा.
फळी चौकटीत बसवताना अर्धं सूत मोकळं सोडायचा.
मला वाटायचं, हात चुकला.
"पावसायामा लाकूड फुगस,
त्याले जागा लागस," एवढंच म्हणायचा.
कागद म्हणजे तरी काय, दळलेलं लाकूड.
हे बापाच्या पोटी जन्मून
मला पन्नाशीला कळलं.

अकरा दिवस कूलर बंद ठेवला, ओल नको म्हणून.
चित्र पालथं घालून
पटाशीने हार्डबोर्ड तासत गेलो, पापुद्रा पापुद्रा,
कांद्याच्या सालीएवढा.
बायको म्हणाली, एवढ्यात चार लग्नांचे फोटो झाले असते.
झाले असते.
फेव्हिकॉल काही ठिकाणी सुटला,
काही ठिकाणी नाही. तिथे मी थांबलो.

आणि माऊंट उचलला तेव्हा,
त्याच्याखाली दबलेली चारी बाजूंची पट्टी:
उजेड न पाहिलेलं आभाळ,
निळं, थोडं जांभळं,
पाचच्या सुमाराचं.

हेमलता पुष्कळ वेळ बघत राहिली. मग म्हणाली,
"माऊंट मागे घ्या. पट्टी दिसू द्या."
"दोन रंगांचं दिसेल, ताई."
"दिसू द्या."

मग मी सांगितलं. कापलेलं बोटभर, सही, सगळं.
"माहीत आहे," म्हणाली,
"मागे अक्षर आहे ना तुमचं. म्हणून तर
फैजपूरची तीन दुकानं सोडून इथं आले."
हसली का, ते मला कळलं नाही.
मी पटाशी पुसत होतो.

आता चित्र वरच्या कडेला
दोन पातळ कागदी बिजागऱ्यांवर लटकतं,
मैद्याची खळ, ओल्या बोटाने सुटेल अशी.
खाली मोकळं. काच दोन सूत दूर.
आषाढात वाढेल, वैशाखात आखडेल,
थोडं पोचट दिसेल, दिसो.

पाठीमागे या वेळी शिसपेन्सिलीने लिहिलं, बारीक:
काढता येईल असं लावलं आहे.
तारीख घातली.
किंमत लिहायची राहिली.