रकाना सात

कसबा बावड्याच्या कोर्टात, जिन्याखालच्या बाकावर
मगदूम वकिलांनी कागद सरकवला.
स्त्रीधन. आठवेल तसं सांगा, म्हणाले,
आकडे मी घालतो.

पितळी पातेली सात, झाकणं पाच.
हुपरीचं चांदीचं निरांजन,
वजन आईनं कधी सांगितलं नाही.
शिलाई मशीन, पायाचं.
कोल्हापुरी साज, एक.
इथं पेन थांबलं.
साज कुणाच्या ताब्यात?

साज उद्यमनगरात आहे, साहेब.
सहा वर्षांपूर्वी गुजरीत तराजूवर चढला
आणि बटाल्याचं जुनं लेथ होऊन
तिसऱ्या दिवशी टेम्पोतून उतरला.
मासा, कासव, सगळी पानं
एका चकमध्ये बसली.
आम्ही त्याला हळदकुंकू लावलं,
रणधीरनं पहिला जॉब माझ्या हातावर ठेवला,
गरम होता, मी टाकला नाही.

वकील हसले नाहीत. लिहिलं,
रकाना सात : रूपांतरित.

त्याच्या शपथपत्रात
कारखाना थोरल्या भावाचा,
तो तिथं निव्वळ कामगार, पगार नऊ हजार,
पोटगी देण्याची ऐपत नाही.
कच्ची वही माझ्या अक्षरात होती.
दिवसाला एकशेचाळीस बुश,
शिरोलीच्या फौंड्रीचा चेक दर दहा तारखेला.
ती वही आता कुणालाच सापडत नाही.

मंगळवारी उलटतपास.
बायको कारखान्यात काम करायची?
छ्या, म्हणाला, ही कशाला येतीया.
घरात भाकरी थापत बसायची.
मग काय झालं कुणास ठाऊक,
माझ्याकडं न बघताच म्हणाला,
पण कान लई तिखट.
भिंतीपलीकडनं ओळखायची,
माझ्या मशीनचं बेअरिंग गेलंय म्हणून.

माझ्या.
टायपिस्ट बाईंची बोटं क्षणभरही अडली नाहीत.
मगदूमांनी चष्मा काढला, पुसला,
पुढचा प्रश्न विचारलाच नाही.
थोरला भाऊ मागच्या बाकावर
टोपी गुडघ्यावर फिरवत होता.
रणधीरला कळलं ते सहीच्या वेळी.
त्याच्या डाव्या अंगठ्याला नख नाही, चकमध्ये गेलं,
पंधरा दिवस मी भात कालवून भरवला होता.
तो कुठल्याच रकान्यात घातला नाही.
वकिलांनी विचारलंही नव्हतं.

परत येताना केएमटी उद्यमनगरच्या कोपऱ्यावर अडकली.
पत्र्यांच्या रांगेतून शंभर मशीनी बोलत होत्या,
त्यात एक कण्हत होती.
खर्र, मग पोकळ, मग पुन्हा खर्र.
अजून आठवडा, फार तर दहा दिवस,
मग बेड घासेल, किंमत निम्म्यावर येईल.
कुणाची किंमत, ते तेवीस तारखेला ठरणार.

फोन काढला. नंबर अजून पाठ आहे.
कंडक्टर म्हणाला, ताई, पुढं सरका.
मगदूमांनी निक्षून सांगितलंय,
निकालापर्यंत पक्षकारांनी
आपसात बोलायचं नाही.