सत्तेचाळीस मिलिमीटर

माझगावच्या म्युनिसिपल शाळेच्या गच्चीवर
एक यंत्र दिवसरात्र हवा ओढतं.
सकाळी साडेसातला मी चिमट्याने
कालचा कागद काढते, आजचा बसवते.
सत्तेचाळीस मिलिमीटरचा गोल,
जाताना पांढरा, येताना
तव्यावर विसरलेल्या पापडासारखा.

घोगळे शिपाई विचारतात, "काल काय आला?"
जणू ओपनचा आकडा.
"वजन झाल्यावर सांगते."
वजन मायक्रोग्रॅममधलं.
काट्यापाशी श्वाससुद्धा बेतानं सोडायचा.

समुद्राचं मीठ सापडतं कागदावर,
पण त्यातलं क्लोरीन वाटेत कुणीतरी काढलेलं,
जागेवर नायट्रेट बसवलेलं.
बंदरावरून निघालेलं मीठ
शहरात शिरेस्तोवर दुसरंच होतं.
घोगळ्यांना हे फार पटलं.
"मी देवगडहून आलो तेव्हा—" म्हणाले,
आणि घंटेची वेळ झाली.

जानेवारीत दर चार तासांनी कागद बदलले,
गच्चीवरच झोपले, कानटोपी घालून.
लाकूड जळलं की मागे एक साखर राहते,
लेव्होग्लुकोसान, जिभेला न झेपणारी.
रात्री दोन ते सहाच्या कागदात ती दाट,
आणि तिच्यासोबत शिसं.
लाकडात शिसं कुठलं?

वासामागे जिना उतरले.
शाळेच्या पाठीमागची बेकरी. मुस्तकीमभाई
लांब फळीवरून लादी ओढत होते.
भट्टीशेजारी दारं रचलेली,
दारूखान्यातून वजनावर आणलेली,
पाडलेल्या इमारतींची, हिरव्या तेलरंगाची.
एकावर पाटी तशीच: रा. वि. टिपणीस, खोली १९.
टिपणीस आता कुठे असतात, माहीत नाही.
त्यांचं दार मात्र मी ओळखते
दशांशचिन्हानंतर तीन घरांपर्यंत.

गरम पाव हातात ठेवला, पैसे घेतले नाहीत.
"बाई, तुमच्या कागदावर आमचं किती?"
शंभरात अकरा. चार इकडे, चार तिकडे.
बाकीचं गोदीतले ट्रक, जहाजांचं तेल,
समोरच्या टॉवरचं सिमेंट,
आणि कालचाच धूर, जो रात्री
जमिनीचा वारा समुद्रावर नेऊन ठेवतो
आणि दुपारी खारा वारा परत आणून देतो.
हे सगळं मी सांगितलं नाही.
"अकरा," म्हणाले, तोंडात पाव.

अहवालात गल्लीचं नाव नव्हतं,
नुसतं 'स्रोत क्रमांक तीन'.
नोटिशीत मात्र गल्ली होती, गाळा नंबरही.
गॅसची पाइप मोठ्या रस्त्यापर्यंतच येते.
आत वळायला खोदकामाची परवानगी,
परवानगीला मालक, मालक दुबईत.
फेब्रुवारीत भट्टी थंड झाली.

"काल काय आला?"
"सत्त्याऐंशी."
"आणि ती चालू होती तेव्हा?"
"चौऱ्याण्णव."
घोगळ्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं,
बंद धुराड्यावर एक घार बसली होती.
"सात," म्हणाले.
मी म्हटलं, वाराही बदललाय मधल्या काळात,
तेवढ्यावरून काही ठरत नाही.
त्यांनी ऐकलं नसावं.
"सात," पुन्हा म्हणाले,
आणि घंटा द्यायला खाली गेले.