बंदर

गंगराडे भाभींनी फाटकातूनच विचारलं,
"इटली में देखा क्या आखिर?"
म्हटलं, बंदर.
त्या थबकल्या. "बंदर? इतनी दूर?
वो तो ओंकारेश्वर के घाट पे बैठे हैं,
चश्मा भी उतार लेते हैं."

इंदूरच्या मराठीचं हे असंच.
एक पाय आपल्या शब्दात, एक शेजारणीच्या,
आणि समुद्र
एका रात्रीच्या गाडीवर.

जिनोआला आम्हाला साडेपाच तास दिले होते.
चिन्मय पुढे, पिवळी छत्री उन्हातही उघडी,
मागे आम्ही एकवीस जण,
गळ्यात पट्टे, पर्समध्ये रतलामी शेव.
दीपगृह लांबूनच. वर चढायचं नाही, गुडघे.
कोलंबसचं घर बाहेरून.
त्याला आपल्याकडे यायचं होतं, वाट चुकला,
असं चिन्मय म्हणाला तेव्हा सगळे हसले,
जणू आपण दार उघडं ठेवून
चहाचं आधण टाकलं होतं.

मग ते काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं चर्च.
आत भिंतीशी एक बाँब.
खराखुरा. लढाईत वरून आला, फुटला नाही.
त्यांनी तो फेकला नाही,
उभा करून ठेवलाय, नीट, पाटीसकट.
लोक येतात, बघतात, हळू बोलतात.

बाकीचे पुढे गेले. मी आणि शालन
तिथे जरा जास्तच वेळ उभ्या राहिलो.
अकरा वर्षं आमच्यात फक्त
"जेवलीस का" आणि "निघते".
आईच्या पाटल्या. चारचौघांत सांगण्यासारखं नाही.
तिच्या निखिलेशनं परस्पर एक खोली घेतली दोघींना,
एकट्या बाईला दुप्पट पडतं, मावशी, म्हणाला.
आठ रात्री आम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलो,
ती तिच्या भिंतीकडे, मी माझ्या.

बाहेर आलो तर छत्री नाही.
गल्ल्या अशा की दोन्ही हात पसरले तर
दोन्हीकडची घरं हाताला लागतात.
वर कुणाकुणाचे वाळत घातलेले परकर-पायजमे,
त्यांच्या फटीतून ओढणीएवढं आभाळ.
माझ्या पोटात गोळा.
शालन म्हणाली, भूक लागलीय.

कोपऱ्यावर एक भट्टी, धगधगती,
तीत परातीएवढं तांब्याचं तसराळं
आणि त्यात काहीतरी पिवळं, कडेला जळकं.
शालननं नाक पुढे केलं.
"अगं, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ!"
माणसानं सुरीनं तुकडे पाडले, कागदात दिले.
वरून मिरपूड.
मी म्हटलं, ओवा हवा होता.
ती म्हणाली, आई हिंग घालायची,
आणि तुझ्या धिरड्याला नेहमी भोक पडायचं.
उभ्यानं खाल्लं. कागद तेलकट झाला,
तो तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला, का कोण जाणे.
जहाजांचं म्युझियम राहिलंच.
चिन्मय खूप बोलला, ते ऐकून घेतलं.

आज रामबागेत, दुपारी चारला,
तवा तापवून बसले आहे.
पहिलं चिकटलं. दुसरं गोळा झालं.
राजेंद्रनगरला फोन लावला:
पीठ किती वेळ भिजवायचं गं?
"रात्रभर. तुझी आपली कायमची घाई."
मग गप्प. पण फोन ठेवला नाही तिनं.
तिच्याकडे कुकर होता, दोन शिट्ट्या झाल्या,
तिसरीची दोघी वाट पाहत राहिलो.

"ऐक ना," ती म्हणाली, "त्या पाटल्या..."

भाभी अजून फाटकातच, कान इकडे.
तव्यावरून धूर.
मी म्हटलं,
आधी पाणी किती, ते सांग.