खुलान, इयत्ता तिसरी

गोबीच्या कडेला शाळा. फळ्यावर भागाकार:
सत्तेचाळीस मेंढ्या, पाच कुंपणं, बाकी दोन.
खुलानने समासात बारीक अक्षरात विचारलं,
त्या दोघी रात्री कुठे झोपणार?

विज्ञानाला बाष्पीभवन.
तिने आईची किटली काढली.
चहा खारट,
म्हणून खाली लिहिलं: समुद्र.
समुद्र तिने पाहिलेला नाही.

मग नकाशा. आपापलं घर दाखवा.
गान्सुखने पटकन टिंब दिलं.
खुलान खडू धरून उभीच.
‘कुठल्या महिन्यातलं, बाई?’

वर्ग खिदळला.
दुल्माबाई हसल्या नाहीत,
त्यांनी आणखी तीन रंगांचे खडू काढून दिले.

रात्री वसतिगृहात, पांघरुणाखाली,
बोटांवर वजाबाकी:
बाबा मोटारसायकल घेऊन येईपर्यंत
किती झोपा उरल्या.
हातचा घ्यावा लागला.