बिल क्रमांक बेचाळीस

एक्केचाळिसावं बिल नोव्हेंबरात गेलं.
बेचाळीसची फाइल उघडून ठेवलीय,
तारीख तेवढी बदलतो अधूनमधून.

लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढतो मी,
ओटा कुठे, सिंक कुठे,
फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडणार.
भांडुपच्या बिल्डरने वरचे तीन मजले थांबवलेत.
अंधेरीच्या मॅडम म्हणतात, "मार्चनंतर बघू."
कुठल्या मार्चनंतर, ते सांगत नाहीत.

भाव उतरवला. चौरस फुटाला बारा, मग नऊ.
सात लिहिताना बोट थबकलं,
तरी पाठवलं.
दोन निळ्या खुणा. बस्स.

काल दुपारी क्रास्टोचा फोन.
लगेच उचलला नाही,
रिकामा बसलोय असं वाटायला नको.
"बिझी आहेस का रे?"
"आहे थोडा. तू?"
"चाललंय."
मग बराच वेळ दोघांकडचे पंखेच ऐकू येत राहिले.
त्यालाही माझ्याकडूनच काम हवं होतं.

संध्याकाळी टेप काढली, आमचाच ओटा मोजला.
अडीच फूट.
म्हणजे चार इंच कमी,
आणि सुलक्षणा अकरा वर्षं
त्या चार इंचांएवढी वाकून पोळ्या लाटतेय.
नकाशा काढायला बसलो.
ती पिठाच्या हातानेच डोकावली, म्हणाली,
"बिल कुणाच्या नावाने फाडणार?"