तरंगून आलेलं

पुंता अरेनासला वारा सुटला
की रस्त्याच्या कडेने दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
एकतीस वर्षं मी तो दोर धरला नाही.
माझे पाय पक्के आहेत, म्हणायचे.

त्या गुरुवारी ट्रेमध्ये चोवीस काचा.
सतरावी: एर्सिलिया बारीया, वय चव्वेचाळीस,
डावा स्तन, सुईने काढलेला तुकडा.
ती खेकड्यांच्या कारखान्यात कवचं फोडते
हे कागदावर नव्हतं.

गुलाबी-जांभळं, शांत, शहाण्यासारखं ऊतक.
आणि अगदी कडेला
पेशींचं एक बेट:
फुगलेली केंद्रकं, एकमेकांना रेटणारी,
बारा-पंधरा असतील फार तर.
मी पाहिलं. मी ओळखलं.
ओळखण्यात मी चुकत नाही,
तेव्हाही चुकले नव्हते.
कर्करोगच होता तो.

अहवाल टाईप झाला, सहीपाशी अडला.
नवा नियम: कर्करोग म्हणायचं
तर चार डोळे लागतात.
हातच्या काकणाला आरसा कशाला,
असं मी मनात म्हणाले,
आणि बहुधा तोंडावरही दिसलं.

नाहुएल ओयार्सो, काल-परवाचा पोरगा,
कॉफी बाजूला सारून बघत राहिला.
गार झाली ती.
मग म्हणाला, डॉक्टर,
हे बेट जरा वर आहे.
त्याच्यासाठी फोकस वेगळा फिरवावा लागतो.
बाकीच्यांशी त्याची ओळख दिसत नाही.
पाहुणं वाटतंय.

ब्लॉक पुन्हा कापला. खोल, सहा पातळ्यांवर.
बेट नाही.
कुठेच नाही.

ओतिलिया कार्कामो मेणातले पापुद्रे कापते,
कोमट पाण्यावर सोडते,
दुधावरची साय उचलावी तशी काचेवर घेते.
कुणी विचारायच्या आधी तीच म्हणाली:
सोळावीनंतर पाण्यावरून कागद फिरवायचा राहिला.
फोन वाजला होता.
एवढंच. एक कागद.
एकीचा रोग
दुसरीच्या नावावर तरंगत आला.

(सोळावीचा अहवाल खरा होता.
तिलाही नाव आहे.
तिच्याबद्दल मला इथे काही लिहिता येत नाही.)

चुकांच्या वहीत नोंद मी केली.
ओतिलियाचं नाव लिहायला हात उचलला,
आणि त्याच्या वर आधी माझं लिहिलं.
आता दर काचेनंतर कागद फिरतो,
फोन बाहेरच्या खोलीत वाजतो,
आणि वाजू देतात.

सोमवारी ती खिडकीपाशी आली, पावती घेऊन.
अंगठ्यावर कवचांनी चिरलेल्या रेघा,
काही जुन्या, एक ताजी.
हात कशाने कापला, मी विचारलं,
तेव्हा कारखान्याचं कळलं.
साधी गाठ आहे, मी सांगितलं.
तिने पाकीट दोनदा उलटून पाहिलं.
शुक्रवारी देणार होतात, म्हणाली.
तीन रात्री झोपले नाही मी.
उशीर का झाला?

वारा होता, असं म्हणणार होते.
इथे ते कुणालाही पटतं.

चुकणार होते, म्हणाले.
मी चुकणार होते.